अकराव्या रकान्यातलं ‘नाही’

शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात, बाळंतपणाच्या विभागात, नाव नोंदवायच्या खिडकीशी तनुजा बसते. तिला तिथं कुणी मॅडम म्हणत नाही. ‘खोदून विचारणारी बाई’ म्हणतात, आणि ते काही कौतुकानं नव्हे. दुसऱ्या खिडकीवरचा माणूस एका बाईचा फॉर्म चार मिनिटांत भरून मोकळा होतो. तनुजाला वीस मिनिटं लागतात, आणि मागं उभ्या राहिलेल्या बायका तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात.

त्या फॉर्मवर आधी दहाच प्रश्न होते. अकरावा तनुजानं मोठ्या डॉक्टरीणबाईंच्या मागं लागून घालून घेतला. घरातल्या कुणाला पाळीत, दात काढल्यावर किंवा बाळंतपणात रक्त न थांबण्याचा त्रास आहे का? बायका ‘नाही’ म्हणतात, प्रश्न पुरता ऐकायच्या आधीच म्हणतात. शेजारी सासू बसलेली असते, तिच्यासमोर दुसरं काय म्हणणार? मग तनुजा पेन खाली ठेवते आणि उकरायला लागते. दाढ काढली होती का कधी? सकाळी उशी रक्तानं भरली होती का? आजी कशानं गेली? म्हातारपणानं असं सांगू नका, किती वर्षांची होती ते सांगा. या उकरण्यातून पाच वर्षांत सात बायका सापडल्या, आणि सातही जणी बाळं घेऊन चालत घरी गेल्या.

यावरून कुणी तिला सेवाभावी वगैरे ठरवायला जाईल तर फसेल. तनुजा त्या खिडकीशी एका माणसाची वाट बघत बसली होती. पैठणकडची अवघड बाळंतीण निघाली की इथंच येते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि पैठणात तिची आत्या राहत होती, भागूबाई.

तनुजाला आत्याच्याच घरात दिली होती. मामाची मुलगी भाच्याला करायची आपल्याकडं जुनीच रीत. पारखलेलं घर, नजरेसमोरची पोरगी, कुणाची चौकशी करायला नको. तनुजाच्या वडिलांनी, कारभारींनी, बहिणीला शब्द दिला आणि एकविसाव्या वर्षी तनुजा ऋतुराजची बायको होऊन भागूबाईच्या घरात गेली. वर्षभरात दिवस राहिले. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, हा दंडक. पण भागूबाई म्हणाली, “आत्याचं घर ते माहेरच की. तिला कशाला हलवता?” कारभारी गप्प बसले. तनुजाची आई, सरिता, दोनदा बोलायला गेली, तिला दोन्ही वेळा गप्प करण्यात आलं. आत्या आणि सासू एकच असली की पोरीला पळून जायला जागा उरत नाही, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही.

बाळंतपण सुखरूप झालं. मुलगी झाली, ईश्वरी. तिसऱ्या दिवशी घरी आली. नवव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला तनुजाच्या अंगावरून जायला लागलं ते थांबेना. भागूबाईनं जुन्या लुगड्याच्या घड्या घातल्या, वर गोधडी टाकली, आणि “बाळंतिणीला जातंच” म्हणून खाटेचं पायतं उंच केलं. ऋतुराज दारात येऊन जायचा, आई काही बोलत नाही म्हणून परत जायचा. चार तास गेले. तेवढ्यात ऋतुराजची धाकटी बहीण प्रेरणा शाळेतून आली. चौदा वर्षांची पोर. गोधडीतून जमिनीवर थेंब पडताना तिनं पाहिले आणि दप्तर तिथंच टाकून मागच्या गल्लीतल्या वहाबभाईला बोलावून आणलं. आईला विचारलं नाही, भावाला विचारलं नाही. वहाबभाईनं जीप दाराशी लावली, “पहले बच्ची कू उठाव, बातां बाद में” म्हणाला. तनुजा जगली ती या दोघांमुळं. अकरा पिशव्या रक्त लागलं आणि गर्भाशय काढावं लागलं. वय बावीस.

दवाखान्याच्या व्हरांड्यात, पाहुण्यारावळ्यांच्या देखत, भागूबाई सरितावर तुटून पडली. “आमच्या घराण्यात असलं कधी नव्हतं. तुझ्या रक्ताची खोट माझ्या घरात आणून घातलीस तू.” सरितानं ते मान खाली घालून ऐकलं, आणि वाईट हे की खरं मानलं. तिनं पायात चप्पल घालणं सोडलं. आठवड्याला तीन-तीन उपास धरले. पुढं वंशाला मुलगा हवा म्हणून ऋतुराजनं सोडचिठ्ठी घेतली, तेव्हाही सरिता लेकीला म्हणाली, “माझ्यामुळंच झालं गं हे.” (ऋतुराजच्या दुसरीला दोन्ही मुलीच झाल्या. ती बातमी कळली त्या दिवशी तनुजानं शहरातल्या छावणी भागातल्या आपल्या भाड्याच्या खोलीतून शेजाऱ्यांना बर्फी वाटली. कशाची, ते कुणाला सांगितलं नाही.)

खरं काय ते कळलं तीन वर्षांनी. दाढ काढल्यावर दोन दिवस रक्त थांबेना, तेव्हा तनुजा एका रक्ताच्या डॉक्टरांकडं गेली. त्यांनी तिचं आणि आईबापाचं, तिघांचं रक्त तपासायला पुण्याला पाठवलं. आजाराला एक परदेशी नाव आहे, फॉन विलेब्रँड. रक्त गोठवणारा एक घटक जन्मापासून कमी असतो, आणि तो कमीपणा आईकडून नाहीतर बापाकडून पोरात उतरतो. डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं. गरोदरपणात हा घटक आपोआप वाढतो, त्यामुळं तेव्हा तपासलं तर सगळं चांगलं दिसू शकतं. बाळंतपणानंतर तो उतरतो, आणि मग पाचव्या, नवव्या, कधी पंधराव्या दिवशीही घात करतो. “म्हणून घरातल्यांनी आधी सांगणं फार महत्त्वाचं,” डॉक्टर म्हणाले. “आम्हाला कागदावर कळत नाही.”

रिपोर्ट येईपर्यंत सरिता हृदयविकारानं गेली होती. तिच्या अकराव्या दिवशी पाकीट आलं. सरिताचं रक्त अगदी निर्दोष होतं. कमी होतं कारभारींचं.

तनुजानं बापाला विचारलं. कारभारी भिंतीकडं बघत बोलले. “आमची माय बाळंतपणातच गेली. असंच रक्त जाऊन. भागू नऊ वर्षांची व्हती, तिनं चिंध्या धुतल्या गंगेवर. भागूलाबी दोन्ही येळेला लई त्रास झाला. पर तिनं मला शपथ घातली व्हती, की कुणापाशी बोलायचं नाय. पोरीबाळींच्या सोयरिकी मोडतील म्हणली.”

“आणि आई उपास करत होती तेव्हा तुम्ही समोर जेवत होतात,” तनुजा म्हणाली. त्या दिवसापासून ती बापाशी कामापुरतंच बोलते.

भागूबाईकडं ती भांडायला गेली नाही. लोकांना वाटलं, पोरगी समजूतदार आहे. समजूतदार कसली? तिनं डूख धरला होता. भांडण केलं असतं तर भागूबाईनं दोन शिव्या देऊन, चार टिपं गाळून ते निभावून नेलं असतं. तनुजाला तेवढ्यावर भागणार नव्हतं. तिनं हिशेबानं विचार केला. हे रक्त माझ्या बापात उतरलं, भागूबाईत उतरलं, मग प्रेरणात उतरलेलं नसेल कशावरून? प्रेरणा मोठी होईल, तिचं लग्न होईल, तिला दिवस जातील. भागूबाई तेव्हाही गप्प बसणार. आणि मग एके दिवशी तिच्या खाटेखाली तिच्याच लेकीचं रक्त ठिबकेल. ते बघायला आपण हजर पाहिजे, एवढीच तनुजाची इच्छा. रोज सकाळी ईश्वरीची वेणी घालताना ती हे मनात घोळवायची आणि तिला बरं वाटायचं. लिहिणाऱ्यानं हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

यंदा मार्गशीर्षातल्या एका सोमवारी, सकाळी दहाला, त्या तिघी तिच्या खिडकीसमोर येऊन बसल्या.

प्रेरणा आता पंचवीस वर्षांची. वैजापूरच्या कांद्याच्या व्यापाऱ्याच्या घरात दिलेली, आणि रीतीप्रमाणं पहिल्या बाळंतपणाला सातव्या महिन्यात पैठणला आलेली. नवव्यात बीपी वाढलं म्हणून तिथल्या डॉक्टरनं इकडं पाठवलं होतं. बरोबर भागूबाई, आणि पहिल्या नातवंडाच्या ओढीनं वैजापूरहून आलेली प्रेरणाची सासू, गोजरबाई. भरदार अंगाची, नाकात नथीएवढी चमकी घातलेली बाई.

“तनूताई,” प्रेरणा म्हणाली आणि तिचा चेहरा उजळला. तिनं खिडकीतून हात आत घातला. तनुजानं तो धरला, कारण सोडून देणं बरं दिसलं नसतं.

“कोण गं ही?” गोजरबाईंनी विचारलं.

“भावाची लेक माझ्या,” भागूबाई पटकन म्हणाली. सून होती हे तिनं गिळलं.

तनुजानं फॉर्म पुढं ओढला. नाव, वय, गाव, कितवा महिना. पाळी कशी होती म्हणून विचारलं, तेव्हा प्रेरणानं आईकडं पाहिलं आणि पाठ केल्यासारखं सांगितलं, “नॉर्मल.” दहा प्रश्न संपले. तनुजानं अकरावा वाचला, शब्दन् शब्द, सावकाश. आणि वर बघितलं ते प्रेरणाकडं नाही, भागूबाईकडं.

भागूबाईचा हात पदराकडं गेला. तिनं एकदा गोजरबाईंकडं पाहिलं. “नाय,” ती म्हणाली. “आमच्यात कुणालाच तसलं काय नाय.”

पाच वर्षांत पहिल्यांदा तनुजानं पेन खाली ठेवलं नाही. आजी कशानं गेली, हे विचारलं नाही. तिनं अकराव्या रकान्यात सुवाच्य अक्षरात ‘नाही’ लिहिलं आणि कागद फिरवून पुढं सरकवला. “माहिती देणाऱ्याची सही,” ती म्हणाली. भागूबाईनं प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकलेली सही केली. ती एकेक अक्षर काढत असताना तनुजानं ते नीट बघून घेतलं.

प्रेरणाला वरच्या मजल्यावर खाट मिळाली. फॉर्म वर गेला. तनुजा खिडकीत बसून पुढच्या बायकांची नावं लिहीत राहिली, आणि त्या दिवशी तिची रांग फार भरभर सरकली. तिच्या छातीत काहीतरी मोठं, गरम भरून आलं होतं. मिळालं. अकरा वर्षांनी मिळालं, आणि तेही आत्याच्या सहीनं. प्रेरणाचे रिपोर्ट चांगलेच येणार होते. कुणाला संशय येणार नव्हता, कुणी तनुजाला बोल लावणार नव्हतं. आपण तर सांगितलं तेवढंच लिहिलं. इथून प्रेरणा पाच-सहा दिवसांत पैठणला जाईल, भागूबाई तिला खाटेवर घालेल, आणि मग नववा दिवस उजाडेल.

नववा दिवस तिनं बरोबर डोळ्यांसमोर आणला. खाट तीच, गोधडी तीच. भागूबाई घड्या घालते आहे. पण मग दारात कुणीच येईना. तनुजानं पुन्हा पुन्हा बघितलं, दार रिकामंच. दप्तर टाकून धावणारी पोर यावेळी खाटेवर होती, आणि तिच्यासाठी धावणारं त्या घरात कुणी नव्हतं.

तनुजा उठली. तिनं खिडकीवर ‘बंद’ची पाटी लावली, आपल्या रक्ततपासणीची जुनी फाइल कपाटातून काढली आणि जिना चढली. मोठ्या डॉक्टरीणबाई दुपारच्या फेरीला त्याच वॉर्डात होत्या, दोन खाटा पलीकडं. दया आली होती ती प्रेरणाची. भागूबाईची कणभर नाही, आणि जिना चढता चढता ते तनुजानं स्वतःशी पक्कं केलं.

“आत्या, फॉर्ममधे एक चूक झालीय,” ती खाटेशी येऊन म्हणाली. “अकरावा प्रश्न. पुन्हा सांगा.”

भागूबाई उठून तिच्या जवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, “तने, बाहीर चल. तुला सांगते. डाक्टरीनबाईलाबी सांगते. पर हितं नको, विहीणबाईसमोर.”

इथं कुणीही भली बाई बाहेर गेली असती. डॉक्टरांच्या कानात सांगितलं असतं तरी प्रेरणा वाचली असती, हे तनुजाला पुरतं कळत होतं. पण माझ्या आईला हिनं व्हरांड्यात, सगळ्यांदेखत फाडलं होतं. तेव्हा हिला बाहेर चल म्हणून सुचलं नव्हतं.

“इथंच,” तनुजा म्हणाली. “मी बोलले तर तुम्ही म्हणाल, जुनं उट्टं काढते. तुमच्याच तोंडून येऊ द्या. नाहीतर मी बोलते, आणि तुमची सही दाखवून बोलते.”

“काय चाललंय?” गोजरबाईंनी विचारलं. डॉक्टरीणबाईही वळल्या.

भागूबाई खाटेच्या कडेला टेकली. “माझी माय,” ती म्हणाली, “बाळंतपणात गेली.”

“मोठ्यानं. कशानं गेली?”

“रक्त जाऊन गेली. थांबलंच नाय. मी नऊ वर्साची व्हते.” तिनं प्रेरणाकडं पाहिलं. “मलाबी लई गेलं. ऋतुराजच्या वक्ताला महिनाभर, हिच्या वक्ताला मरता मरता वाचले. हिलाबी पाळीत लई जातं. मीच हिला म्हणले, कुणाला सांगू नको.”

डॉक्टरीणबाईंनी तनुजाच्या हातातली फाइल घेतली, दोन पानं उलटली आणि परिचारिकेला रक्तपेढीला फोन लावायला पाठवलं. रक्ताच्या डॉक्टरांना बोलवा म्हणाल्या, त्या घटकाची इंजेक्शनं आजच मागवून ठेवा म्हणाल्या, आणि बाळंतपणानंतर किमान पंधरा दिवस या मुलीला इथून हलवायचं नाही. तनुजाचं काम खरं तर तिथंच संपलं होतं. पण तिच्या जिभेवर एक प्रश्न आठ वर्षं बसून होता, आणि तो विचारायला तिनं तोंड उघडलं.

त्याआधी प्रेरणानंच तो विचारला. “आई, तनूताईच्या वेळेस तुला हे माहीत होतं?”

भागूबाईनं खाटेवरची चादर सारखी केली.

“तू घड्या घालत बसली होतीस. माहीत होतं तुला?”

“व्हय,” भागूबाई म्हणाली.

“आणि सरितामामीला शिव्या दिल्यास तेव्हा?”

भागूबाईनं पदर तोंडाला लावला. प्रेरणानं भिंतीकडं कूस वळवली, नवव्या महिन्याचं पोट सांभाळत, हळूहळू. आई तिच्या खांद्याला हात लावायला गेली तर तिनं तो झटकला.

गोजरबाई पुढं आल्या. आता त्या सुनेला तोडून बोलतील, रक्ताचं खापर फोडतील, असं भागूबाईला वाटलं असणार. आयुष्यभर ती त्यालाच भ्यायली होती. गोजरबाई म्हणाल्या, “रक्तात कमी असंल तं डाक्टर दवा देतील. त्याच्यात पोरीचा काय गुन्हा? पर विहीणबाई, पोटच्या लेकीपासून मरण लपवणाऱ्या बाईच्या घरी मी माझी सून धाडायची नाय. बाळंतीण वैजापूरला येईल. सव्वा महिना मी करीन तिचं.”

पहिलटकरणीला सासूनं आईच्या हातून काढून नेणं म्हणजे काय, हे आपल्या बायकांना समजावून सांगावं लागत नाही. गाव विचारणार, भावकी विचारणार, आणि प्रत्येक वेळी उत्तर भागूबाईलाच द्यावं लागणार. तनुजा जिना उतरताना गालातल्या गालात हसली. तिनं खिडकी उघडली आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा वीस-वीस मिनिटं लावून फॉर्म भरले.

प्रेरणाला मुलगा झाला. आठव्या दिवशी रक्त वाढलंच, पण वॉर्डात सगळं तयार होतं, आणि दोन तासांत आटोक्यात आलं. सोळाव्या दिवशी गोजरबाई गाडी घेऊन आल्या. भागूबाई पैठणहून एसटीनं डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन आली होती. विहीणबाईंनी डबा घेतला नाही, आणि प्रेरणानं गाडीतून मागं वळून पाहिलं नाही.

गाडी गेल्यावर भागूबाई डबा काखेत धरून तनुजाच्या खिडकीशी आली. रांग नव्हती. ती उभीच राहिली.

“झालं तुझ्या मनासारखं?” तिनं विचारलं.

“झालं,” तनुजा म्हणाली.

“मग आता सोड की गं. मी चुकले. माझ्या मायचं बघितलं व्हतं, तवाच भेले व्हते मी. पाया पडते तुझ्या.” आणि ती खरंच खिडकीच्या बाजूच्या दारातून आत येऊन वाकायला लागली.

तनुजानं पाय खुर्चीखाली ओढून घेतले. “माझी आई तुमच्या पाया पडली होती,” ती म्हणाली. “मला दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवशी. माझ्या रक्तानं तुमचं घर नासलं, माफ करा म्हणून. तुम्ही तिला ऊठ म्हणाला नाहीत. तिचं कपाळ तुमच्या पायावर, आणि तुम्ही तांदूळ निवडत होतात. मी आतल्या खोलीतून बघत होते.”

भागूबाई वाकलेली तशीच थांबली.

“तिच्या पाया पडा,” तनुजा म्हणाली. “ती म्हणाली तर मी सोडते.”

“ती कुठून आणू मी आता?”

“मला काय विचारता?” तनुजा म्हणाली, आणि भागूबाई आपली आपण उठून उभी राहीपर्यंत तिच्याकडं बघत बसून राहिली.